अर्लीनबाईंचा मंगळवार

मंगळवार, ३ एप्रिल २००७. सकाळी कडाक्याची थंडी, आभाळ भरलेले. दहा वाजता एमिल ख्लादेकची मिस्सा, नंतर दफन. चर्च भरून माणसे पायऱ्यांवर उभी. जेवण सेंट अ‍ॅनच्या गटाकडे. हॅम पुरला, बटाटे पुरले, राय ब्रेड कमी पडला. दुपारी तीननंतर गोठणारा पाऊस. संध्याकाळी अर्लीनबरोबर एल्डनला जाऊन मत दिले. परतताना गाडी घसरली, पण रस्ता सुटला नाही. निकाल रेडिओवर ऐकला. अर्लीन सतरा मतांनी हरली.

त्या दिवसाची माझी नोंद एवढीच आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अ‍ॅलॉयशिया सांगत, डायरीत घडलेले लिहावे, वाटलेले लिहू नये, कारण वाटलेले दुसऱ्या दिवशी बदलते. मी जन्मभर तसेच लिहीत आले. पण अर्लीन हव्लिचेक जाऊन आता चार हिवाळे झाले, आणि आमच्या क्रास्ना गावात तिचे नाव निघाले की लोक म्हणतात, "त्या शाळामंडळाची निवडणूक हरल्या त्याच ना?" चौतीस वर्षे शिकवलेल्या बाईबद्दल एवढेच उरावे हे मला पटत नाही. म्हणून जे नोंदीत नाही ते इथे लिहिते.

क्रास्नाच्या शाळेत दुसरी आणि तिसरी एकाच खोलीत बसत, आणि त्या खोलीत अर्लीन उभी असे. बसलेली मी तिला क्वचितच पाहिली. तिचा आवाज वर्गातला नव्हता, कुरणातला होता. लहानपणी वडिलांच्या गाई हाकारून हाकारून तो तयार झाला होता. खिडक्या उघड्या असल्या की सातचा पाढा पोस्टापर्यंत ऐकू येई. हिवाळ्यात तिच्या वर्गातल्या रेडिएटरवर ओल्या हातमोज्यांची रांग वाळत असे, आणि सगळ्या खोलीला ओल्या लोकरीचा वास येई. ज्याच्याकडे हातमोजे नसत त्याला ते त्या रांगेतून मिळत. कोणाचे ते कोणी विचारायचे नाही, असा वर्गाचा नियम होता.

लग्न तिने केले नाही. चीजच्या कारखान्यातला एक तरुण होता. तो ओरेगॉनला गेला तेव्हा अर्लीनच्या आईला अर्धांगवायू झालेला होता, आणि पुढे आई बरीच वर्षे जगली. कोणी खोदून विचारलेच तर अर्लीन म्हणे, "दरवर्षी वीस-बावीस मुलं होतात मला. आणखी किती करू?" माझे दोन्ही मुलगे तिच्याच हाताखालून गेले. खरे तर पन्नाशीच्या आतला अर्धा गाव तिच्या हाताखालून गेला होता. जेरी वाव्रा शंभर गाईंचा मालक, पण बाई दिसल्या की सिगारेट पाठीमागे धरी.

आमची शाळा एल्डनच्या शाळामंडळाखाली येई. मंडळावर सात माणसे. तिघांना क्रास्नाची शाळा बंद करून मुले बसने एल्डनला न्यायची होती, तिघांना नको होते. सातवे आमच्या बाजूचे म्हातारे टेसार. त्यांची दृष्टी गेली आणि त्यांनी जागा सोडली. त्या जागेवर जो येईल त्याच्या एका मतावर शाळा राहणार किंवा जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. एल्डनचा कर्ट लिंडग्रेन उभा राहिला. त्याचा ट्रॅक्टर विकण्याचा धंदा होता. माणूस वाईट नव्हता. छप्पर गळते, बॉयलर जुना झाला, मुले कमी झाली, असे तो म्हणे, आणि त्यातले काही खोटे नव्हते. त्याचे आईवडील आधी क्रास्नातच राहत, म्हणजे तोही अर्लीनचाच विद्यार्थी.

नाताळानंतर एका दुपारी अर्लीन माझ्याकडे पत्ते खेळायला आली आणि पत्ते वाटता वाटता म्हणाली, "मी उभी राहतेय. आणि राजीनामा दिला आज."

शाळेत शिकवणाऱ्याला त्याच मंडळावर बसता येत नाही, हे मला माहीत होते. तरी मी म्हटले, "अगं, तो निवडून आल्यावर द्यायचा असतो! आधीच कशाला?"

"मग शाळेसाठी बोलायला लागले की कर्ट म्हणेल, बाई स्वतःची नोकरी वाचवतायत."

"म्हणू दे की."

"तो चांगला मुलगा आहे, रोझाली. पण म्हणेल. दुसरीत होता तेव्हाही म्हणायचा."

"आणि हरलीस तर? शाळाही नाही आणि वर्गही नाही."

"तुझा डाव आहे," ती म्हणाली.

तरीही लोक बोलायचे थांबले नाहीत. पेंडीच्या दुकानात कोणीतरी म्हणाले, "बाईंना घरी करमत नाही, आता मोठ्यांचा वर्ग घ्यायचाय." अर्लीनने ते ऐकले आणि म्हणाली, "घ्यायलाच हवा. त्यातल्या निम्म्यांचं तिसरीचंच राहिलंय."

आमच्याकडे मत मागत नाहीत. म्हणजे मागतात, पण तसे दिसू देत नाहीत. माणसाच्या घरी जायचे, स्वयंपाकघरात बसायचे, कॉफी घ्यायची, खसखशीचे कोलाचे, म्हणजे आमचे गोड पाव, पुढे आले की एक तरी खायचे, गाईंची, पावसाची, गुडघ्यांची चौकशी करायची, आणि उठून दारात टोपी घालताना एक वाक्य टाकायचे. तेवढेच. अर्लीनला ते एक वाक्यही जमत नव्हते. ती दारात उभी राही, ओठ हलवी आणि म्हणे, "बरं, येते. पोरांना स्वेटर घाला."

तिला ते वाक्य मिळाले एमिल ख्लादेककडून. एमिल शाळेची बस चालवी, तिच्या नोकरीइतकीच वर्षे. निवृत्त झाला होता तरी सकाळी बसच्या वेळेला उठे आणि बायकोला, ल्युडमिलाला, उठवी. त्याने जुना ट्रक बाहेर काढला, अर्लीनला शेजारी बसवले आणि फेब्रुवारीभर शेताशेतावर नेले. एकदा मागच्या सीटवर मी होते. वाव्राच्या दारात अर्लीन नेहमीसारखी अडखळली, तेव्हा एमिलने जेरीच्या खांद्यावर हात टाकला.

"जेरी, तुला सातचा पाढा कोणी शिकवला?"

"बाईंनी."

"येतो का अजून?"

"येतो की."

"म्हण."

"एमिल, सोड ना, सासूबाई बसल्यात आत."

"मग तीन एप्रिलला एल्डनला जाऊन बाईंच्या नावापुढे खूण कर, म्हणजे म्हणावा लागणार नाही."

"एमिल, असं विचारायचं नसतं," अर्लीन लाजून म्हणाली.

"बाई, वर्गात तुमचं चालतं. गाडी मी चालवतोय. गप बसा."

जेरी हसला. आतून त्याची सासूही हसली. त्या घरातली मते पक्की झाली हे मला परतताना एमिलच्या शिट्टीवरून कळले.

एक अडचण मात्र होती. आजवर आम्ही आमच्या अग्निशमन केंद्रात मत देत आलो होतो. त्या वर्षी पहिल्यांदाच आमचे मतदान एल्डनच्या टाउन हॉलमध्ये हलवले, बारा मैलांवर. एमिलने त्याचीही सोय लावली होती. चर्चची व्हॅन मागून ठेवली होती, सकाळपासून फेऱ्या मारून म्हाताऱ्यांना न्यायचे आणि आणायचे. "बस आहे, रस्ता आहे, ड्रायव्हर आहे," तो म्हणे. "कोण कुठे उतरतं ते मला पाठ आहे."

मतदानाच्या आधीच्या गुरुवारी ल्युडमिला त्याला जेवायला बोलवायला शेडमध्ये गेली. गवत कापायच्या यंत्राचे पाते त्याच्या मांडीवर होते आणि तो भिंतीला टेकून बसलेला होता. तिला वाटले, डुलकी लागली.

धाकटा मुलगा अलास्कात. तो सोमवारी संध्याकाळच्या आत पोचणार नव्हता. तो पवित्र आठवडा होता. गुरुवारपासून ईस्टरपर्यंत मयताची मिस्सा होत नाही, आणि बुधवारी फादर गेरहार्टना बिशपांकडे जायचे होते. राहिला मंगळवार.

आमच्या चर्चमध्ये बायकांचे गट आहेत. ज्या महिन्यात दफन होईल त्या महिन्याच्या गटाने जेवण करायचे. एप्रिल सेंट अ‍ॅनच्या गटाचा, आणि सेंट अ‍ॅनच्या गटाची प्रमुख अर्लीन. ल्युडमिलाने तिलाच फोन केला. मी तेव्हा अर्लीनच्या स्वयंपाकघरात होते. फोनमधला रडून बसलेला आवाज मलाही ऐकू आला.

"मंगळवार चालेल का गं, अर्लीन?"

मी थांब म्हणून हात वर केला. अर्लीनने माझ्याकडे पाठ फिरवली.

"हॉल मोकळा आहे," ती म्हणाली. "तू काळजी करू नकोस. किती माणसं धरू?"

फोन ठेवल्यावर मी म्हटले, "मंगळवारी काय आहे ते तिला आठवत नाही. तू सांगायला हवं होतंस."

"काय सांगू? तुझा नवरा बुधवारपर्यंत थांबव म्हणून?"

"तसं नाही. पण दुपारी लवकर आटपू, एवढं तरी."

"रोझाली, हॅमची ऑर्डर द्यायचीय. तू बटाटे सोलायला येशील की नाही ते सांग."

मंगळवारी सगळा क्रास्ना चर्चमध्ये होता. क्रास्नाच नव्हे, ज्याने ज्याने एमिलच्या बसमध्ये कधी डबा विसरला होता तो प्रत्येक जण. दफनानंतर सगळे तळघरातल्या हॉलमध्ये उतरले. लांब टेबले, पांढरे कागद, कॉफीच्या मोठ्या किटल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी हॉल पाहिला आणि मला एकदम कळले की अर्लीनची जवळजवळ सगळी मते या एका छपराखाली बसून हॅम खात आहेत. आणि अजून एकानेही मत दिलेले नाही. सकाळी धारा, मग मिस्सा. जो तो म्हणत होता, इथून जाता जाता.

आमच्या गटातली बर्निस टेसार कॉफी गाळत होती. तीही माझ्यासारखीच बाहेर बघत होती. "एक वाजला," ती कुजबुजली. "कोणीतरी बोला. एमिल असता तर टेबलावर चढून ओरडला असता."

"तो पुतण्याच्या लग्नात चढला होता," अर्लीन हॅम कापत म्हणाली. "मयतात नाही."

थोड्या वेळाने फादर गेरहार्ट स्वयंपाकघरात आले. तरुण होते, आमच्याकडे येऊन दोनच वर्षे झाली होती. त्यांनी दार लोटून घेतले.

"अर्लीनबाई, जेवणानंतरच्या प्रार्थनेत मी एक वाक्य बोलू का? कोणाचं नाव घेणार नाही. मतदान आठपर्यंत आहे, रस्ते खराब होणार आहेत, एवढंच."

अर्लीनने सुरी पुसली. मला वाटले, ती हो म्हणणार. क्षणभर तिच्या तोंडावर ते आलेही होते.

"नको, फादर."

"ल्युडमिलाची हरकत नसेल. मी विचारतो तिला."

"तिला तर मुळीच विचारू नका. आज एमिलचा दिवस आहे."

फादरांनी माझ्याकडे पाहिले. मी काय करणार? त्या स्वयंपाकघरात त्या दिवशी तिचा शब्द शेवटचा होता. ते निघून गेले, आणि प्रार्थनेत त्यांनी एमिलचेच नाव घेतले.

आमच्याकडे मयताच्या जेवणाला घरचे उठल्याशिवाय कोणी उठत नाही. आणि ल्युडमिला उठत नव्हती. एकेक जण तिच्यासमोर येऊन बसे आणि बसमधली एखादी गोष्ट सांगे. जेरी वाव्राने सांगितले, एकदा हॉर्न अडकला आणि एमिलने तसाच वाजत वाजत सगळा रस्ता पार केला, प्रत्येक शेतावर लोक धावत बाहेर आले, कोणाला वाटले आग, कोणाला वाटले युद्ध. ते ऐकताना ल्युडमिला हसली. गुरुवारपासून पहिल्यांदा. तोंडावर हात घेऊन, खांदे हलवत.

अर्लीन माझ्या शेजारी खिडकीशी येऊन उभी राहिली.

"बघ," ती म्हणाली. "हसतेय. हिला उठवू?"

वरच्या लहान खिडक्यांवर टकटक सुरू झाली होती. पाऊस नव्हे, बर्फही नव्हे, तो मधला गोठणारा प्रकार. पुरुष मान वर करून बघू लागले. तीन वाजून गेले होते, आणि आता त्यांच्या डोक्यात गाई होत्या. अखेर ल्युडमिलाला मुलाने हात दिला आणि ती उठली. मग सगळेच उठले. जिन्याशी अर्लीन उभी होती आणि जो तो तिचा हात हातात घेऊन म्हणत होता, "बाई, धारा झाल्या की जातोच."

ती प्रत्येकाला म्हणत होती, "रस्ता सांभाळ." शाळा सुटताना म्हणायची तसे. एकालाही ती म्हणाली नाही की आत्ताच जा.

भांडी घासून, पुसून, टेबले मिटून आम्ही निघालो तेव्हा रस्ता काचेसारखा झाला होता. गाडी मी चालवली. एल्डनच्या टाउन हॉलमध्ये यादी तपासायला डार्लिन होती, तीही अर्लीनचीच विद्यार्थिनी.

"बाई, तुमच्याकडचे कुठे आहेत?" ती म्हणाली. "दिवसभर वाट बघतेय. दहा-बारा जण आले असतील."

"मयत होतं," अर्लीन म्हणाली आणि मतपत्रिका घेतली.

बाहेर आल्यावर मी गाडी सुरू करणार तेवढ्यात ती म्हणाली, "थोडं थांबू या?" आम्ही हीटर लावून बसलो. समोर क्रास्नाकडून येणारा रस्ता होता. अजून थोडा उजेड होता. लांबून दिवे दिसले की अर्लीन पुढे झुकून बघे. तिला सगळ्यांच्या गाड्या दिव्यांवरून कळत. चौतीस वर्षे मुलांना न्यायला येणाऱ्या गाड्या बघितलेल्या.

"वाव्राचा ट्रक," ती म्हणाली.

तो ट्रक हळूहळू आला, आमच्यासमोरून गेला आणि पेट्रोलपंपावर वळला. तो वाव्राचा नव्हता.

नंतर एक गाडी आली, त्यात बर्निस आणि तिचा नवरा होते. त्यांनी हात केला. मग बराच वेळ कोणी नाही. मग एल्डनचीच माणसे, पायी, एकमेकांना धरून. त्यांना काय, हॉल त्यांच्या गल्लीत होता.

"चल," अर्लीन म्हणाली. "तुझं पेट्रोल जळतंय."

जेरी वाव्रा संध्याकाळी खरोखर निघाला होता, हे आम्हांला नंतर कळले. त्याच्या शेतातल्या वाटेच्या तोंडाशीच ट्रक खड्ड्यात गेला. इतर काहींनी बायकांना म्हटले, एका मताने काय होतंय, बाकीचे गेलेच असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्टने तिला फोन केला. मी हॅमचे उरलेले तुकडे द्यायला गेले होते. अर्लीन उभ्यानेच बोलत होती.

"अभिनंदन, कर्ट. नाही, नाही, तू काही केलं नाहीस. हो. छपराचा खर्च तू परत तपासणार, बरं. तपास. आणि एक ऐक. लहानांना पाऊण तास बसमध्ये बसावं लागेल. निघायच्या आधी त्यांना बाथरूमला पाठवायला सांग. सांगशील ना? लिहून ठेव. तू विसरतोस."

फोन ठेवून ती म्हणाली, "रडत होता तो." मग कॉफी ओतायला वळली, आणि कप भरून वाहू लागला तरी किटली सरळ करायचे तिला सुचले नाही. मी तिच्या हातातून काढून घेतली.

मे महिन्यात मंडळाने मत घेतले. चारास तीन. जूनमध्ये शाळा बंद करायची. सभेला अर्लीन गेली नाही. बर्निस जाऊन आली आणि घरोघरी सांगत सुटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अर्लीनच्या मागच्या ओसरीवर होते. बियाण्याचे बटाटे कापायचे होते, प्रत्येक फोडीला दोन तरी डोळे ठेवून. मी तिला नेहमी मदत करत असे, ती मला. तेवढ्यात ल्युडमिला ख्लादेक फाटकातून आली. तिच्या हातात अर्लीनचे मोठे पातेले होते. आमच्याकडे मयताच्या घरी लोक भांडी भरून ठेवून जातात, तळाला नावाची चिकटपट्टी लावून. मग सवड झाली की त्या घरची बाई एकेक भांडे घासून घरोघरी परत नेते. ल्युडमिला महिनाभर त्याच कामात होती.

तिने पातेले पायरीवर ठेवले. बस म्हटले तरी बसली नाही.

"तू त्या दिवशी काही बोलली का नाहीस?"

"कुठल्या दिवशी?" अर्लीन म्हणाली.

"मला वेडी समजतेस? बर्निसने सांगितलं काल. फादर बोलणार होते आणि तू नको म्हणालीस. मला विचारायलासुद्धा नको म्हणालीस." तिचा आवाज चढला. "मला वार कळत नव्हता, अर्लीन. मी तुला विचारलं, मंगळवार चालेल का. तू म्हणालीस, हॉल मोकळा आहे."

"मोकळाच होता."

"एमिल दोन महिने दुसरं काही बोलत नव्हता. सकाळी उठून तेच. कोणाला कधी न्यायचं, कोण कुठे उतरणार. आणि त्याच्याच मयतात बसून आम्ही सगळ्यांनी मत बुडवलं. मी नाही दिलं. माझे दीर, जावा, त्यांची पोरं, कोणीच नाही. आमच्या एका टेबलावर तू जिंकली असतीस. एक शब्द टाकायचा होतास. मी उठून सगळ्यांना हाकललं असतं. हातातले कप काढून घेतले असते! त्याला तेच आवडलं असतं गं. त्याहून जास्त काही आवडलं नसतं त्याला."

अर्लीनची सुरी थांबली होती. तिने मान खाली घातली.

"तू हसत होतीस," ती म्हणाली.

"कोण?"

"तू. जेरीने हॉर्नची गोष्ट सांगितली तेव्हा. खूप हसलीस. मला वाटलं, असू दे. बसू दे हिला थोडा वेळ."

"मी हसले?"

"हो."

"मला आठवत नाही." ती हळूच पायरीवर बसली. "मला त्या दिवसातलं काहीच आठवत नाही, अर्लीन. कोण आलं, काय जेवले, जेरी काय बोलला. चर्चमधून बाहेर आले ते आठवतं, आणि मग घरी पलंगावर बसले होते ते. मधलं काहीच नाही."

अर्लीनने हातातला बटाटा नुसताच फिरवला, डोळे शोधत असल्यासारखा, आणि परत टोपलीत टाकला. मी तिला आईच्या मयतात पाहिली आहे, वर्ग सोडला त्या दिवशी पाहिली आहे. पण तिचा चेहरा इतका उघडा मी पूर्वी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. शाळा गेली त्यात तिची एकच गोष्ट शिल्लक राहिली होती, की तिने एका बाईला तासभर हसू दिले. तीही आता राहिली नाही.

ल्युडमिलाला ते कळले असावे. तिने खिशातून रुमाल काढला, परत ठेवला.

"कसं होतं?" तिने विचारले. "मी हसले ते?"

"तोंडावर हात घेऊन," अर्लीन म्हणाली. "खांदे हलवत."

"मी तशीच हसते," ल्युडमिला म्हणाली. मग तिने टोपली स्वतःकडे ओढली. "सुरी दे एखादी."

मी तिला माझी सुरी दिली आणि आतून दुसरी आणली. रस्त्यावरून शाळा सुटलेली मुले जात होती. एक-दोघांनी कुंपणावरून "बाई!" म्हणून हाक मारली. अर्लीनने हात वर केला, पण तिच्या त्या कुरणातल्या आवाजात काही म्हणाली नाही. आम्ही तिघींनी टोपली संपवली. ल्युडमिला निघाली तेव्हा अर्लीन तिला फाटकापर्यंत सोडायला गेली, आणि दोघी तिथे बराच वेळ उभ्या होत्या.

घरी येऊन मी त्या संध्याकाळची नोंद केली. शाळा बंद होणार. अर्लीनचे बियाण्याचे बटाटे कापून झाले, फोडी ओसरीवर वाळत घातल्या आहेत. माझ्या धुण्याच्या यंत्राची नळी बदलली. आता गळत नाही.